चौदा नंबरचा कांदा

"दूध कुठे आहे?" एवढंच मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये विचारलं होतं.

काउंटरमागे स्टुलावर बसलेल्या माणसाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि चक्क मराठीत विचारलं, "कोणाचं?"

मी फोनवर बायकोशी बोलत बोलतच दुकानात शिरलो होतो, तेव्हा माझं मराठीपण त्यांनी कसं ओळखलं हे काही कोडं नव्हतं. पण हॉलंडमधल्या एका खेड्यात दुकानदार मराठी निघाला याचं आधी नवल करायचं, की दुधाला मालक असतो याचं, हे मला ठरवता येईना.

"कोणाचं म्हणजे?"

"घर नंबर काय तुमचा?"

"तेवीस. कालच राहायला आलोय."

"मग तुमचं दूध अजून आलेलं नाही, साहेब. उद्या येईल. आज पाहुण्यांतलं घ्या की."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे एक लाकडी खण होता आणि त्यावर ठसठशीत देवनागरीत लिहिलं होतं, 'पाहुणे'. त्यात एक दूध, एक पाव, दोन केळी आणि पाण्याची बाटली होती. मी दूध घेतलं, पैसे दिले आणि बाहेर आलो. आपण दुकानात गेलो होतो की कोणाच्या तरी घरी, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

या माणसाला सगळे शेठ म्हणत. हे नाव जवळच्या हार्लेम शहरातल्या मराठी मंडळींनी चेष्टेत ठेवलं होतं, पण गावातल्या डच लोकांना ते त्यांचं खरंच नाव वाटायचं. शेठनीही तो गैरसमज कधी दूर केला नाही. ते मूळचे बार्शीचे. वडिलांचं तिथे किराणा दुकान होतं. शेठची बायको, आमच्या वहिनी, आयटीतल्या. त्यांना इकडे नोकरी लागली आणि त्यांच्या परवान्यावर शेठ जोडीदार म्हणून आले. दोन वर्षं हार्लेमच्या फ्लॅटमध्ये बसून कंटाळले आणि एका शनिवारी सायकलवर भटकताना या गावातलं दुकान चालवायला द्यायचं आहे अशी पाटी त्यांनी पाहिली. संध्याकाळी घरी जाऊन वहिनींना त्यांनी एवढंच सांगितलं, की सोमवारपासून मला लवकर उठायचंय.

आम्ही आम्स्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातून इथे आलो ते घरभाडं झेपेना म्हणून. माझं ऑफिस आम्स्टरडॅममध्येच, स्लोटरडाइकला. हार्लेमपर्यंत सायकल, पुढे ट्रेन. मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस, म्हणजे दुसऱ्याने बांधलेल्या गोष्टीत चूक कुठे आहे हे शोधण्याचा मला पगार मिळतो. त्या दुकानात शिरलं की मला पहिल्या मिनिटाला वीस चुका दिसायच्या आणि त्यातली एकही शेठना पटवून देता यायची नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मांडणी. जगातल्या कुठल्याही दुकानात दूध दुधाजवळ असतं, साबण साबणाजवळ. शेठच्या दुकानात माल घराप्रमाणे लावलेला होता. भिंतीला तीसेक खण, प्रत्येकावर घराचा नंबर, तोही देवनागरीत. अकरा नंबरच्या खणात अकरा नंबरचं चीज, त्यांचे टोस्ट, त्यांच्या मांजराचं खाणं. शेजारी चौदाचा खण. दूध नि लोणी तेवढं मागच्या फ्रिजमध्ये असायचं, पण तिथेही त्याच नंबरांच्या चिठ्ठ्या. गावातल्या प्रत्येक डच माणसाला आयुष्यात देवनागरीचा एकच आकडा वाचता यायचा, स्वतःच्या घराचा. एका आजोबांनी तर तो दारावर रंगवूनही घेतला होता.

"शेठ, सगळं दूध एका जागी ठेवलं तर सोपं नाही का जाणार?"

"मग एकतीस नंबरनं आज दूध नेलं का नाही, ते मला कसं कळणार?"

"पण ते तुम्हाला कशाला कळायला हवं?"

यावर ते माझ्याकडे असे बघत, की जणू दुकान या वस्तूची मला मुळातच कल्पना नाही. मग समजावणीच्या सुरात म्हणत, "माल म्हटला की तो कोणाचातरी असतो, साहेब. नाहीतर मग तो नुसता पुठ्ठा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान पन्नासदा ऐकलं आणि प्रत्येक वेळी मान डोलावली. कळलं मात्र काही नाही.

एकदा नऊ नंबरच्या म्हाताऱ्याचं ताक दोन दिवस फ्रिजमध्ये तसंच राहिलं. शेठनी तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडं टाकलं, शेजाऱ्यांना गोळा केलं, आणि बेल वाजवून दार उघडत नाही म्हटल्यावर मागची खिडकी काढून मंडळी आत उतरली. म्हातारा घरात नव्हता. तो मुलाकडे गेला होता आणि दुपारी परत आला, तर त्याच्या स्वयंपाकघरात पाच माणसं कॉफी पीत बसलेली. आठवडाभर तो शेठशी बोलला नाही. त्यानंतर मात्र गावाबाहेर जायचं असलं की आधी दुकानात येऊन सांगायचा, मी दोन दिवस नाहीये, खिडकीला हात लावू नका. पुढच्या हिवाळ्यात तो वारला. त्याचा खण शेठनी रिकामाच ठेवला.

शेठ बंद पुडेही तागडीत तोलत. साखरेचा कारखान्यातून सीलबंद आलेला किलोचा पुडासुद्धा. "छापलंय तेवढं असतंच असं नाही," म्हणत. वर चिमूटभर जास्त घालायची त्यांची वडिलोपार्जित सवय, आणि सीलबंद पुड्यात घालणार काय? म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला कोथिंबिरीच्या दोन काड्या फुकट देत. त्या काड्यांचं काय करायचं हे डच लोकांना कोण सांगणार? इथे खिडक्यांना पडदे नसतात. संध्याकाळी रस्त्याने जाताना घरोघरी फुलदाणीत ऐटीत ठेवलेली कोथिंबीर दिसायची. शेठना मी हे सांगितलं, तर ते खूश झाले. म्हणाले, "ठेवतात ना नीट? मग झालं."

आणि ते नाही म्हणत नसत. दुकानात नसलेली कुठलीही वस्तू मागा, उत्तर एकच, "मोर्खन." म्हणजे उद्या. मी एकदा मुद्दाम हट्टाला पेटून कोकमाचं आगळ मागितलं. "उद्या, साहेब." दुसऱ्या दिवशी आगळाची बाटली माझ्या खणात हजर. ती त्यांनी कुठून पैदा केली देव जाणे. बहुतेक वेळा ते सायकलवरून हार्लेमच्या सुपरमार्केटात जाऊन वस्तू आणत आणि आणल्या भावातच विकत.

"मग यात तुम्हाला काय सुटलं?" मी वैतागून विचारायचो.

"गिऱ्हाईक सुटलं नाही," ते म्हणायचे.

चौदा नंबरच्या ताईंबद्दल सांगायलाच हवं. शेठ प्रत्येक बाईला ताई म्हणत, मग ती डच का असेना. या ताई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, चाकांची कुबडी ढकलत चालणाऱ्या. रोज सकाळी दुकान उघडायच्या ठोक्याला त्या दारात हजर असत आणि एक कांदा विकत घेत. एकच. शेठ तो कांदा तागडीत तोलत, त्यांच्याकडून नाणं घेत, डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकत. दिवसाची बोहनी झाली.

मला हे बरेच दिवस दिसत होतं. एकदा मी शेठना विचारलं, "रोज एक कांदा? एकदम किलोभर का नाही नेत?"

शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांना कांदा कुठं लागतोय, साहेब. त्यांची मुलगी तयार डबे आणून ठेवते. स्वयंपाकच नाही घरात. पण त्यांना घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतं. म्हणून मी आपला रोज एक कांदा काढून ठेवतो. कळू देत नाही."

पुढे एकदा त्या ताईंच्या घरचा दिवा बदलून द्यायला मी गेलो होतो. मागच्या अंगणात टोपलीभर कांदे, काहींना हातभर कोंब आलेले. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या हसल्या. म्हणाल्या, "मला कांदा सोसत नाही. पण सकाळी कोणी काही विकत घेतल्याशिवाय त्या शेठचा दिवस सुरू होत नाही. बिचारा दारात वाट बघत उभा असतो. त्याला सांगू नकोस हं."

मी कोणालाच काही सांगितलं नाही. सांगून नक्की कोणाचा गैरसमज दूर झाला असता, हे मला आजही सांगता येणार नाही.

रिकामे खण हळूहळू वाढत होते. नऊ नंबर गेला, सतरा मुलीकडे राहायला गेली, सहा आणि सात ही घरं आम्स्टरडॅमच्या लोकांनी शनिवार-रविवारपुरती घेतली. ही मंडळी सामान शहरातून गाडीत भरूनच आणत. शेठ ते रिकामे खण रोज सकाळी फडक्याने पुसत, पण त्यात दुसरा माल लावत नसत. मी म्हटलं, नऊ नंबरचे आजोबा वारले शेठ, आता तिथे दुसरं काहीतरी ठेवा. तर म्हणाले, "घर आहे ना अजून उभं? येईल की कोणीतरी राहायला."

एका रविवारी वहिनींनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि शेठ हात धुवायला गेल्याचं पाहून माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही तरी बघा आता. दोन वर्षं हे दुकान माझ्या पगारावर उभं आहे. मला दूर आयंडहोव्हनला चांगली ऑफर आलीय. मी ह्यांना म्हटलं, मी ती नाकारते, पण दुकानाने निदान स्वतःचा भार तरी उचलावा. हा एक कागद आलाय. हा जमला तर एक वर्ष थांबते. नाही तर उन्हाळ्यात आम्ही निघतोय."

कागद खेमेंतेचा होता. खेमेंते म्हणजे इथली नगरपालिका. दुकानाच्या जागेवर तिचा वर्षाचा कर असतो, आणि ज्या गावात एकच दुकान उरलंय आणि तेही धापा टाकतंय, अशा दुकानाला तो कर माफ करायची एक योजना त्यांनी काढली होती. अर्ज भरायचा, मग त्यांचं माणूस येऊन दुकान बघणार आणि ठरवणार. म्हणजे सगळं त्या भेटीवर होतं.

अर्ज मी भरला. अर्ज हा माझा प्रांत. गिऱ्हाइकं कशी घटली, घरं कशी रिकामी झाली, सगळं व्यवस्थित लिहिलं. शेठनी न वाचताच सही केली आणि मला कोथिंबीर दिली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता अधिकारी बाई येतील.

आणि मग मी जे केलं, ते मी का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कोणी बघायला येणार म्हटलं की आपण काय करतो? घर आवरतो. पसारा पलंगाखाली ढकलतो, चांगल्या बश्या काढतो, शेजारच्यांच्या खुर्च्या आणून मांडतो. ऑफिसात क्लायंट यायचा असला की आम्ही तुटक्या स्क्रीन लपवून चालणाऱ्या तेवढ्या दाखवतो. लहानपणापासून हाच धडा गिरवलेला, की घरात काहीही असो, आलेल्या माणसाला भरलेलं दिसलं पाहिजे.

मी मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'गुरुवारी शेठच्या दुकानाचं इन्स्पेक्शन आहे. सर्वांनी सहकुटुंब यावे. दुकान भरलेलं दिसलं पाहिजे.' वरती चार हात जोडलेले. भराभर अंगठे आले.

बायको म्हणाली, "अरे, पण तुम्हाला अडचण दाखवायची आहे ना?"

"ती अर्जात दाखवलीय."

"मग प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात चांगलंच दिसायला पाहिजे. बँक कर्ज कोणाला देते? ज्याचं बरं चाललंय त्याला. बुडत्या दुकानावर कोण कशाला करमाफी वाया घालवेल?"

ती रांगोळीचा डबा शोधायला गेली. मला वाटलं, पटलं.

गुरुवारी आठ वाजता मी गाडीत पाच खोकी घालून दुकानात गेलो. शेवया, टोमॅटोचे डबे, बिस्किटं, टिश्यूचे गठ्ठे, दिसायला मोठं आणि रंगीत असं जे घाऊक दुकानात मिळालं ते. शेठ नऊ नंबरचा खण पुसत होते.

"शेठ, आज हे सगळे रिकामे खण भरायचे."

त्यांनी खोक्यात डोकावलं. "कोणाचं आहे हे?"

"कोणाचं म्हणजे? कोणाचं नाही. नुसतं भरायला आणलंय."

त्यांनी फडकं झटकून खांद्यावर टाकलं. मग "बरं" म्हणून बाजूला झाले. मी लावत गेलो. त्यांनी एकाही डब्याला हात लावला नाही. फक्त त्या खणांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या आणि काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिल्या. ते काय करतायत हे विचारायला मला तेव्हा सवड नव्हती.

साडेनऊपासून मंडळी यायला लागली. हार्लेमहून दोन गाड्या, बुइटनव्हेल्डर्टहून तीन. कोणी सुट्टी काढलेली, कोणी घरून काम करतो असं ऑफिसात सांगून आलेलं. बायका नटूनथटून, पोरं आईबापांनी मराठीत केलेल्या दटावण्यांना डचमध्ये उत्तरं देतायत. माझ्या बायकोने दारात रांगोळी काढली. चौदाच्या ताई रोजच्यासारख्या सकाळीच कांदा घेऊन गेल्या होत्या, त्या गर्दी बघून परत आल्या आणि खुर्ची मागून बसल्याच.

अधिकारी बाई दहाच्या ठोक्याला आल्या. उंच, शांत, हातात टॅबलेट. दारात त्यांना रांगोळी ओलांडायची की नाही कळेना. आत आल्या तर मुंगीला शिरायला जागा नाही. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पिशव्या.

"इथे नेहमी इतकी गर्दी असते?" त्यांनी विचारलं.

"ऑल्वेज!" बुइटनव्हेल्डर्टचा एकजण मागून दणक्यात म्हणाला. "एव्हरी सिंगल डे!"

मी उत्साहाने मान हलवली. बाईंनी शेठकडे वळून तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. शेठ त्यांच्याकडे पाहून हसले आणि त्यांनी चहा पुढे केला. बाईंनी चहा घेतला, खण पाहिले, फोटो काढले, शेव-चिवड्याची पुडी आढेवेढे घेत स्वीकारली. निघताना म्हणाल्या, "किती बरं वाटलं. सगळीकडे बंद पडत आलेली दुकानं बघून मन खट्टू होतं. हे एक तरी जोरात चाललंय."

त्या गेल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी स्वतः पेढे वाटले.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दुकान सुस्थितीत असून योजनेची गरज दिसत नाही, असं सभ्य भाषेत लिहिलं होतं. सोबत फोटो. भरलेले खण, पिशव्या घेतलेली माणसं, आणि मध्ये मी, दात काढून हसणारा.

मी ते पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला त्या बाईंचाच राग आला. दुसऱ्यांदा काहीतरी डोक्यात शिरू लागलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी बायकोकडे पाहिलं. मला लाज वाटली. इतकी, की मी दोन दिवस दूध आणायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी शेठच बेल वाजवून दारात उभे. "तुमचं दूध उचललेलं नाही. बरं आहे ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, अजून उपाय आहे, सहा आठवड्यांत हरकत नोंदवता येते. मी स्वतः लिहून देतो की ती गर्दी मी जमवली होती आणि तो माल मी भरला होता. बाईंनी पुन्हा यावं, न सांगता यावं. हरकतीच्या पत्राच्या शेवटी दुकानदाराने एक वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहून सही करायची होती. सवलत मिळाली नाही तर मला दुकान बंद करावं लागेल, एवढंच.

शेठनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पत्राची घडी घालून तागडीखाली ठेवली. "उद्या," म्हणाले.

मी निर्धास्त झालो. कारण शेठचा उद्या म्हणजे उद्या. आगळसुद्धा आलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "उद्या." त्याच्या दुसऱ्या दिवशी, "उद्या, साहेब." मी रोज ऑफिसातून येताना विचारायचो आणि पत्र रोज तागडीखाली. असे सहा आठवडे गेले. मुदत संपली त्या संध्याकाळी मी दुकानात जाऊन त्यांच्यावर अक्षरशः ओरडलो.

"एक सही, शेठ! एक ओळ लिहायची होती फक्त!"

ते माझं ओरडणं संपेपर्यंत थांबले. "साहेब, दुकानदारानं दुकानात उभं राहून 'दुकान बंद होणार' असं लिहायचं? माझ्या बापानं कर्फ्यूतसुद्धा तो शब्द तोंडातून काढला नाही."

"पण लिहिलं नाही म्हणूनच आता ते बंद होणार!"

"ते होईल. माझ्या अक्षरात नको." मग म्हणाले, "आणि त्या खेमेंतेच्या ताई आल्या, चहा प्यायल्या, चांगलं चाललंय म्हणाल्या. त्यांना आता काय कळवू? आलेली माणसं खोटी होती म्हणून?"

"मग त्या दिवशी सकाळी मी खोकी घेऊन आलो तेव्हा का नाही थांबवलंत मला? तुम्हाला कळत होतं ना मी चुकतोय ते?"

"तुम्ही माल घेऊन दारात आला होता," शेठ म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हे उत्तर होतं. माझं डोकं भणभणायला लागलं. त्यांना सगळं कळत होतं आणि तरीही ते गप्प बसले, की कळतच नव्हतं, की एक दिवस दुकान भरलेलं बघायचा मोह त्यांनाही झाला होता? मला छडा लागला नाही आणि आता लागायचा संभव नाही.

जूनमध्ये त्यांनी दुकान आवरलं. पाटी लावली नाही, कोणाला सांगितलं नाही. फक्त नवीन माल आणणं थांबवलं आणि ज्याच्या त्याच्या खणातलं उरलेलं ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दिलं. एकेक खण रिकामा होत गेला आणि ते तो पुसत गेले. वहिनी आयंडहोव्हनला पुढे गेल्या होत्या.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात आले, ढकलगाडीवर पाच खोकी. मी ओळखली. शेवया, टोमॅटोचे डबे, बिस्किटं, टिश्यू. एकही कमी नव्हतं. पत्र आल्याच्या दिवशीच त्यांनी हा माल खणांतून काढून चिठ्ठ्या परत लावल्या होत्या, हे मी पाहिलं होतं; पण तो त्यांनी तसाच मागे जपून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

"शेठ, विकायचं होतं की! एवढे महिने नुसतं ठेवलंत?"

"विकणार कोणाला? कोणाचाच नव्हता हा माल."

त्यांनी मला वाकून नमस्कार करू दिला नाही, पाठीवर थाप मारली. मग खिशातून कोथिंबिरीच्या दोन काड्या काढून खोक्यावर ठेवल्या आणि निघताना सहज आठवल्यासारखं म्हणाले, "उद्यापासून चौदा नंबरच्या ताई तुमच्याकडे येतील. सांगितलंय त्यांना."

"माझ्याकडे? कशाला?"

"कांदा लागतो त्यांना एक."

"पण शेठ, तुम्हीच म्हणाला होता, त्यांना कांदा..."

ते ढकलगाडी वळवून निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी माझं घरून काम होतं. आठ वाजता मीटिंग सुरू झाली आणि बरोबर साडेआठला बेल वाजली. दारात ताई, चाकांच्या कुबडीला टेकलेल्या, घराबाहेर पडायचा ठेवणीतला कोट घातलेल्या. नाणं मुठीत.

"शेठ म्हणाला, त्याच्यानंतर तू," त्या म्हणाल्या. "तुझ्याही लोकांत तसंच असतं ना? सकाळी कोणी घेतल्याशिवाय दिवस सुरू होत नाही?"

मी स्वयंपाकघरात पाहिलं. पाच खोकी टोमॅटो नि टिश्यू, आणि कांदा एकही नाही. सांगायला जाणार होतो, की ताई, हे घर आहे, दुकान नाही, आणि तुम्हाला कांदा सोसत नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी मूठ उघडून नाणं माझ्यासमोर धरलं होतं.

"मोर्खन, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि समाधानाने परत फिरल्या. लॅपटॉपमधून कोणीतरी माझं नाव घेऊन विचारत होतं, की तुमचा आवाज येत नाहीये. मी मीटिंग तशीच चालू ठेवली, सायकल काढली आणि कांदे आणायला हार्लेमच्या रस्त्याला लागलो.